आठवड्यातून एकदाच भेटणारी ‘सहेली’

लखनौच्या लॅबमध्ये जन्मलेली, हॉर्मोन नसलेली, आठवड्याला एकच घ्यायची गर्भनिरोधक गोळी आपल्याकडे १९९१पासून मिळते. मग ती आपल्या गप्पांत कधीच कशी येत नाही? आणि मुळात ती करते तरी काय?

चला, एक छोटीशी क्विझ. गर्भनिरोधक गोळ्यांची नावं सांगा पाहू!

‘माला-डी’ आठवली ना? दूरदर्शनच्या जमान्यातल्या जाहिरातींची कृपा. त्यानंतर ‘आय-पिल’. ती २००७ साली बाजारात आली आणि टीव्हीवरच्या जाहिरातींनी घराघरात पोचली. रिमोट हातात असलेल्या बाबांची पंचाईत झाली ती वेगळीच! आता तिसरं नाव? इथे बहुतेकांची गाडी अडते. फार तर एखादी मैत्रीण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या २१ गोळ्यांच्या पाकिटाचं नाव सांगेल.

पण या यादीत एक नाव हमखास राहून जातं, ते म्हणजे ‘सहेली’. औषधाचं शास्त्रीय नाव ऑर्मेलॉक्सिफीन आणि जन्मनाव सेंटक्रोमन. ही गोळी रोज घ्यायची नाही, सुरुवातीचे तीन महिने सोडले तर आठवड्यातून फक्त एकदा. तिच्यात हॉर्मोन नाही. आणि ती स्वित्झर्लंड-अमेरिकेतून आलेली नाही, शंभर टक्के देशी आहे.

ऐकायला सॉलिड वाटतंय? थांबा. ‘हॉर्मोन नाही’ या दोन शब्दांवरच बरेचसे गैरसमज उभे आहेत. म्हणून आधी या गोळीची कुंडली मांडू, मग तिच्या पोटात शिरू.

नवाबाच्या महालातली लॅब

गोमती नदीच्या काठावर लखनौला छत्तर मंझिल नावाचा नवाबी महाल आहे. १९५१ साली पंडित नेहरूंच्या हस्ते या महालात सेंट्रल ड्रग रिसर्च इन्स्टिट्यूट सुरू झाली. जिथे नवाबांचा थाट होता, तिथे टेस्टट्यूब आणि पिंजऱ्यातले उंदीर आले. पुढे साठ-एक वर्षं संस्थेचा मुक्काम तिथेच होता.

या संस्थेतले एक रसायनशास्त्रज्ञ म्हणजे डॉ. नित्या आनंद. त्यांचं मुंबईशीही नातं होतं. त्यांनी पीएच.डी. केली ती माटुंग्याच्या यूडीसीटीमधून, म्हणजे आजच्या आयसीटीमधून. तिथून ते केंब्रिजला गेले, दुसरी पीएच.डी. घेतली आणि परत येऊन लखनौला रुजू झाले. १९७४ ते १९८४ ते संस्थेचे संचालक होते. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि जानेवारी २०२४मध्ये, वयाच्या ९९व्या वर्षी ते गेले.

साठच्या दशकात देशाला लोकसंख्येचं टेन्शन आणि जगाला ‘पिल’चं कौतुक होतं. पण तेव्हाच्या पाश्चात्त्य गोळ्यांत हॉर्मोनचे डोस आजच्यापेक्षा बरेच जास्त असायचे. मळमळ, डोकं जड होणं, रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका, अशा तक्रारी होत्या. शिवाय गोळी रोज, न विसरता घ्यायची. आनंद, व्ही. पी. कंबोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा विचार केला. हॉर्मोन देण्यापेक्षा हॉर्मोनच्या कामात अडथळा आणणारा छोटा रेणू बनवता येईल का? अनेक रेणू तपासल्यावर हाती लागला तो सेंटक्रोमन. ‘सेंट’ हे अक्षर संस्थेच्या ‘सेंट्रल’मधलं आणि ‘क्रोमन’ हे रेणूच्या गाभ्यातल्या रिंगचं नाव.

प्राण्यांवरच्या चाचण्या, मग स्त्रियांवरच्या चाचण्या, असं करत गोळी बाजारात यायला १९९१ साल उजाडलं. सरकारी हिंदुस्तान लेटेक्सने, म्हणजे आजच्या एचएलएलने, तिचं बारसं केलं आणि नाव ठेवलं ‘सहेली’.

‘छोटा’ म्हणजे किती छोटा?

औषधांच्या दुनियेत दोन जाती आहेत. इन्सुलिनसारखी औषधं म्हणजे अगडबंब प्रथिनं. ती गिळली तर पोटातच पचून जातात, म्हणून त्यांचं इंजेक्शन घ्यावं लागतं. दुसरी जात छोट्या रेणूंची. इन्सुलिनच्या रेणूचं वजन सुमारे ५८०० एकक, अ‍ॅस्पिरिनचं १८० आणि आपल्या सेंटक्रोमनचं ४५८च्या आसपास.

छोटं असण्याचा फायदा काय? गोळी गिळली की रेणू आतड्यातून रक्तात जातो आणि रक्तातून थेट पेशीच्या आत शिरतो. सेंटक्रोमनला तेच हवं असतं, कारण त्याचं गिऱ्हाईक पेशीच्या आत बसलेलं असतं. त्याचं नाव इस्ट्रोजेन रिसेप्टर.

कुलपात अडकलेली चावी

इस्ट्रोजेन हे स्त्रीच्या शरीरातलं एक मुख्य हॉर्मोन. पण हॉर्मोन एकटं काही करत नाही. ते पेशीतल्या रिसेप्टरमध्ये जाऊन बसतं, चावी कुलपात बसावी तसं. चावी फिरली की पेशीला ऑर्डर मिळते. गर्भाशयाच्या अस्तराला मिळणारी ऑर्डर असते, ‘जाड हो, पाहुणा येण्याची शक्यता आहे’.

सेंटक्रोमन हे इस्ट्रोजेन नाही. त्याची रासायनिक ठेवणच वेगळी, स्टेरॉइडच्या कुटुंबातली नाही. पण त्याचा आकार असा की ते त्याच कुलपात बसतं. आता त्याला एक लांब शेपूट आहे. याच जातीच्या टॅमॉक्सिफेन आणि रॅलॉक्सिफीन या भावंडांचे रिसेप्टरमध्ये बसलेले फोटो, म्हणजे क्रिस्टलचे नकाशे, शास्त्रज्ञांनी १९९७-९८मध्ये काढले. त्यात दिसलं की रेणूच्या शेपटामुळे रिसेप्टरचा एक भाग बाजूला ढकलला जातो आणि पेशीतल्या मदतनीस प्रथिनांना बसायला जागाच उरत नाही. चावी कुलपात गेली, पण फिरली नाही, आणि खरी चावी बाहेर ताटकळत राहिली. सेंटक्रोमनही असंच करत असावं, असं मानलं जातं.

म्हणजे ‘हॉर्मोन नाही’ हे खरं, पण अर्धंच. गोळीत हॉर्मोन नसतं, मात्र तिचं सगळं काम हॉर्मोनच्या कुलपातच चालतं. तुम्ही बाहेरचा बॉस आणला नाहीत हे खरं, पण घरच्या बॉसच्या खुर्चीत दुसऱ्याला बसवलंत!

आणखी एक गंमत. हे कुलूप शरीरात ठिकठिकाणी आहे. गर्भाशयात, स्तनांत, हाडांत, मेंदूत. पण प्रत्येक ठिकाणचे मदतनीस वेगळे. त्यामुळे एकच रेणू गर्भाशयात इस्ट्रोजेनचा विरोधक ठरतो, तर हाडांत थोडाफार इस्ट्रोजेनसारखाच वागतो. सासरी एक आणि माहेरी एक! अशा औषधांना डॉक्टर ‘सर्म’ म्हणतात.

लोकल आली, प्लॅटफॉर्म तयारच नाही

आता मुख्य प्रश्न. गर्भ राहत नाही तो नेमका कशामुळे?

नेहमीच्या हॉर्मोनच्या गोळ्या मुळावरच घाव घालतात. त्या मेंदूला गप्प बसवतात आणि स्त्रीबीज बाहेरच पडत नाही. सहेली सहसा तसं करत नाही. स्त्रीबीज दर महिन्याला आपलं बाहेर पडतं, मेंदू आणि बीजकोश यांचा संवाद चालू राहतो. मग थांबतं कुठे?

एरवीचं टाइमटेबल बघा. स्त्रीबीज आणि शुक्रजंतू यांची गाठ पडते बीजवाहिनीत. फलित बीज तिथून प्रवास करत तीन-चार दिवसांनी गर्भाशयात पोचतं आणि आणखी दोन-तीन दिवसांनी अस्तरात रुजायला लागतं. अस्तर मात्र महिन्यातले मोजकेच दिवस त्याला थारा देतं. लोकलसारखंच आहे. गाडी आणि प्लॅटफॉर्म यांची वेळ जुळली तरच पाय खाली टेकतो.

सेंटक्रोमन ही वेळ बिघडवतं, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे, आणि तोही दोन्ही बाजूंनी. इस्ट्रोजेनची ऑर्डर अडल्यामुळे अस्तर हवं तसं तयार होत नाही. दुसरीकडे, उंदरांवरच्या प्रयोगांत फलित बीजाचा प्रवास नेहमीपेक्षा वेगाने झालेला दिसला. म्हणजे स्लो लोकल अचानक डबल फास्ट झाली आणि प्लॅटफॉर्मचं काम अजून अर्धवट! बीज येतं, पण रुजत नाही, आणि पुढची पाळी येते.

यात ‘कयास’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. उंदराच्या बीजवाहिनीत बीज कुठवर पोचलं हे तासातासाने तपासता येतं, बाईच्या शरीरात ते करता येत नाही. त्यामुळे स्त्रियांमध्ये अस्तराचा वाटा किती आणि वेगाचा वाटा किती, याचा हिशेब पूर्ण झालेला नाही. गोळी काम करते हे चाचण्यांनी दाखवलं, पण काम कसं करते याची शेवटची ओळ अजून लिहायची आहे. औषधांच्या जगात हे अजिबात नवीन नाही.

उंदीर एक सांगतो, माणूस दुसरंच

उंदरांवर किती विसंबायचं, याचा एक झकास किस्सा याच घराण्यातला आहे. इंग्लंडच्या आयसीआय कंपनीनेही साठच्या दशकात अशीच एक गोळी शोधायला घेतली होती. त्यांचा रेणू उंदरांमध्ये गर्भ राहूच देत नव्हता. सगळे खूश! मग स्त्रियांना देऊन पाहिलं, तर उलटंच. स्त्रीबीज बाहेर पडायला त्याची मदतच व्हायला लागली. गर्भनिरोधक म्हणून तो सपशेल फेल. पण कुलूप अडवण्याचा त्याचा गुण स्तनांच्या कॅन्सरवर कामी आला. तोच टॅमॉक्सिफेन. १९७३ साली ब्रिटनमध्ये त्याला मान्यता मिळाली आणि पुढे त्याने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले.

जी परीक्षा बड्या ब्रिटिश कंपनीच्या रेणूला जमली नाही, ती लखनौच्या चुलतभावाने पास केली. पण त्याच्याही वाट्याला धडा आला. हा रेणू दोन रूपांत असतो, डावा आणि उजवा हात जसा एकमेकांचं आरशातलं प्रतिबिंब असतो तसा. सहेलीत दोन्ही रूपं असतात. डेन्मार्कच्या नोवो नॉर्डिस्कने नव्वदच्या दशकात त्यातलं डावं रूप वेगळं काढलं आणि पाळी गेलेल्या बायकांची हाडं मजबूत करण्यासाठी रोज देऊन पाहिलं. हाडांचं ठीक चाललं होतं, पण लघवीवर ताबा न राहणं, गर्भाशय खाली सरकणं असे त्रास दिसले आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. आठवड्याच्या ३० मिलिग्रॅमच्या गोळीशी याची थेट तुलना करता येणार नाही. औषध वेगळं, वय वेगळं, डोसही वेगळा. पण ‘हॉर्मोन नाही म्हणजे साइड इफेक्टच नाहीत’ असं कुणी सांगितलं, तर हा किस्सा आठवावा.

रविवारचा हप्ता

आठवड्याला एकच गोळी कशी पुरते? उत्तर बँक बॅलन्समध्ये आहे. नेहमीच्या गोळ्यांतली हॉर्मोन्स एक-दोन दिवसांत शरीरातून बरीचशी निघून जातात, म्हणून त्या रोज घ्याव्या लागतात. सेंटक्रोमन मात्र चिवट पाहुणा. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्मं व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात.

सोपा हिशेब करू. या रविवारी ३० मिलिग्रॅम भरले. पुढच्या रविवारी उरले १५, त्यात नवे ३०, झाले ४५. त्याच्या पुढच्या रविवारी साडेबावीस अधिक ३०. असं करत बॅलन्स ६०च्या आसपास स्थिर होतो. पण तिथवर पोचायला महिना जातो आणि तेवढ्यात गडबड होऊ शकते. म्हणूनच पहिले तीन महिने आठवड्याला दोन गोळ्या देतात, खात्यात आधी भरपूर जमा असावी म्हणून. नंतर आठवड्याला एक हप्ता पुरतो.

याच चिवटपणाची दुसरी बाजूही आहे. गोळी आज बंद केली म्हणजे परवा परिणाम संपला, असं होत नाही. दिवस राहण्याची क्षमता साधारण सहा महिन्यांत पूर्ववत होते. पुढच्याच महिन्यात बाळाचं प्लॅनिंग असेल, तर हे आधीच लक्षात घ्यायला हवं.

मग ती फेमस का झाली नाही?

हिशेब रोखठोक मांडू. नीट घेतली तर वर्षभरात शंभरात एक ते दोन जणींना दिवस जाऊ शकतात. हॉर्मोनच्या गोळ्या काटेकोरपणे घेतल्या तर हा आकडा एकापेक्षाही कमी असतो. म्हणजे कागदावर सहेली थोडी मागे. पण रोजची गोळी रोज आठवणीने घेणं कितीजणींना जमतं? डेडलाइन, नाइट शिफ्ट आणि ट्रॅफिकमध्ये २१ दिवस न चुकता एक वेळ पाळणं हे खायचं काम नाही. तिथे आठवड्याची गोळी बाजी मारू शकते.

तरीही ती मागेच राहिली. अमेरिका-युरोपच्या बाजारात ती कधी आलीच नाही, त्यामुळे परदेशी पुस्तकांतही तिला फारशी जागा मिळाली नाही. स्वस्त सरकारी गोळीच्या मागे मोठ्या जाहिरातींचं बजेट नव्हतं. आणि आपल्याकडे कुटुंब नियोजन म्हटलं की वर्षानुवर्षं एकच चित्र, बाईचं ऑपरेशन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे २०१९-२१चे आकडे बघा. १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली. सगळ्या प्रकारच्या गोळ्या मिळून ५ टक्के. आणि पुरुष नसबंदी? ०.३ टक्के. पुरुषहो, वाचताय ना?

खरा मुद्दा इथेच आहे. मूल आत्ता नको, पण पुढे हवं आहे, अशा मधल्या वर्षांत बाईच्या हातात काय असतं? नोकरी नुकतीच लागलेली, घराचा ईएमआय सुरू झालेला, सासरी-माहेरी ‘गुड न्यूज’ची चौकशी. या वर्षांसाठी पर्याय हवेत आणि ते माहीतही हवेत. नाहीतर इमर्जन्सी गोळीच महिन्यातून दोन-तीनदा घेतली जाते. ती इमर्जन्सी ब्रेकसारखी आहे. रोजच्या ड्रायव्हिंगला कुणी इमर्जन्सी ब्रेक वापरत नाही.

२०१७मध्ये सरकारने हीच गोळी ‘छाया’ या नावाने, ‘अंतरा’ इंजेक्शनच्या जोडीने, सरकारी दवाखान्यांत मोफत देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. आणि कदाचित तुमच्यापैकी एखादीने हे औषध आधीच घेतलेलं असेल, नकळत! पाळीत अति रक्तस्राव होत असेल तर डॉक्टर हाच रेणू ६० मिलिग्रॅमच्या डोसमध्ये लिहून देतात. नाव वेगळं, पाकीट वेगळं, आत मात्र तीच सहेली.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं वाचा

▪ पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी. दुसरी त्यानंतर तीन दिवसांनी. म्हणजे रविवारी सुरू केली तर रविवार-बुधवार, सोमवारी केली तर सोमवार-गुरुवार. असं तीन महिने. चौथ्या महिन्यापासून फक्त पहिला वार. पाळी कधीही येवो, वार बदलायचा नाही.

▪ गोळी विसरलात? आठवल्याबरोबर घ्या. सात दिवसांच्या आत आठवली तर पुढचं वेळापत्रक तेच, पण पुढची पाळी येईपर्यंत कंडोमही वापरा. सात दिवसांपेक्षा जास्त झाले तर पुन्हा श्रीगणेशा, आठवड्याला दोन गोळ्या आणि तीन महिने.

▪ सुरुवातीला काही जणींची पाळी लांबते. तारखेच्या वर १५ दिवस गेले तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा.

▪ पीसीओडी, नुकतीच झालेली कावीळ किंवा लिव्हरचा आजार, किडनीचा आजार, टीबी, गर्भाशयमुखाची असाधारण वाढ, यापैकी काही असेल तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. पीसीओडी आहे की नाही हे मैत्रीण नाही, डॉक्टरच सांगू शकतात. म्हणून केमिस्टच्या आधी गायनॅकॉलॉजिस्ट.

▪ एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून ही गोळी वाचवत नाही. ते काम कंडोमचंच.

सहेली ही जादूची गोळी नाही. काहींना ती छान मानवेल, काहींना अजिबात चालणार नाही, आणि ती कशी काम करते याचं कोडंही अजून पुरतं सुटलेलं नाही. पण पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील, ‘काय वापरायचं ठरवलंय?’ तेव्हा यादीत एक नाव जास्त असेल. मग मोकळेपणाने विचारा, ‘डॉक्टर, आठवड्याला एक घ्यायची ती गोळी मला चालेल का?’ आणि हो, हा प्रश्न विचारताना नवऱ्यालाही शेजारच्या खुर्चीत बसवा. बाहेर गाडीत थांबून मोबाइल बघत बसायचं काम त्याचं नाही!